क्रँकचा मोठा तुकडा

आमच्या घरात खायची कोणतीही वस्तू दोघींत वाटायची असली की बाबांचा एक कायदा होता. एकीनं कापायचं, दुसरीनं आधी उचलायचं. पेरू असो, उकडलेलं अंडं असो, नाहीतर नागपूरहून कोणी आणलेली संत्र्याची बर्फी असो. कापणारीला ठाऊक असतं की दुसरी मोठा तुकडा उचलणार, म्हणून ती जीव तोडून बरोबर मधून कापते. भांडण नाही, तंटा नाही. बाबांना या कायद्याचा फार अभिमान होता. पण हा कायदा चालायला दोघीही सारख्याच हावरट असाव्या लागतात, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी हावरट होते. करुणा नव्हती. ती पाहुणी, म्हणून सुरी नेहमी माझ्या हातात आणि उचलायचा मान तिचा. आणि ती बाई दरवेळी लहान तुकडा उचलायची. मी कितीही बरोबर कापलं तरी तिला त्यातला केसभर लहान तुकडा कसा दिसायचा कोण जाणे. मग मोठा तुकडा माझ्या पुढ्यात उरायचा आणि बाबा म्हणायचे, “पाह्य विशू, कसं मन आहे पोरीचं.” ते अंडं मग मला गोड लागायचं का? पण खायची मी. टाकून कोण देतं?

करुणा माझी चुलत बहीण. तिचे वडील, म्हणजे आमचे काका, रेल्वेत गँगमन होते. ते गेले तेव्हा ती बारावी झाली होती. काकूनं तिला आमच्याकडे पाठवलं, कारण आमच्या भिलाईत पॉलिटेक्निक होतं आणि मी त्याच वर्षी तिथं मेटलर्जीला, म्हणजे धातुशास्त्राला, नाव घातलं होतं; तीही माझ्याच वर्गात आली. राज्य तेव्हा नुकतंच वेगळं झालेलं. सगळीकडे नव्या पाट्या, नवे रंग. बाबांनी रिसालीला दोन खोल्यांचं घर बांधायला काढलं होतं आणि अर्ध्या प्लास्टरच्या त्या घरात आम्ही राहायला गेलो होतो. करुणा एक पत्र्याची पेटी आणि पोतंभर तांदूळ घेऊन आली. आईनं तिला माझ्या खोलीत अर्धी जागा दिली. एका महिन्यात बाकीची अर्धीही तिचीच झाली. तिनं काही मागितलं नाही, हेच तर माझं दुखणं होतं. ती पहाटे उठायची, कारखान्याच्या पहिल्या भोंग्याआधी तिचं झाडून व्हायचं. तिच्या भाकरी गोल यायच्या, माझ्या छत्तीसगडच्या नकाशासारख्या. बाबा कारखान्यात फोर्ज शॉपमध्ये होते. तापलेलं लोखंड ठोकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. संध्याकाळी ते आंघोळ करून ओट्यावर बसले की करुणा त्यांच्याजवळ बसून विचारायची, “मोठेबाबा, घण बसला की आवाजावरून समजते का वो, लोखंड किती गरम आहे ते?” आणि बाबा तासभर बोलत. मी त्यांची सख्खी पोरगी, एकोणीस वर्षं त्यांच्याच घरात वाढलेली. मला हे विचारायचं सुचलंच नव्हतं. आत कांदा चिरता चिरता मी ते ऐकायची आणि मनात म्हणायची, पिकते तिथे विकत नाही बाप्पा.

आता चाळिशी उलटून गेल्यावर हे लिहिताना शहाण्यासारखं लिहावं, असं वाटतं. माझी मुलगी म्हणते, “मम्मी, जाने दो ना, कितनी पुरानी बात है.” जाऊ कशी देऊ? मत्सर माझा आहे, तिला काय त्याचं.

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षीची गोष्ट. आईचे भाऊ, गुलाबमामा, भिलाईतल्याच कँप-एक वस्तीत क्रँक घासायचं दुकान चालवत. क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटातला तो वाकडातिकडा पोलादी दांडा, ज्याच्यामुळे पिस्टनचं वरखाली होणं चाकाच्या फिरण्यात बदलतं. तो झिजला की मामा मशीनवर घासून पुन्हा गोल करून देत. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, आत तेलानं काळी झालेली जमीन, मशीनच्या वर बुद्धाची तसबीर आणि तिला रोज ताजं फूल. कँपातले निम्मे टेम्पोवाले मामांकडेच यायचे. त्यातल्या साहूजींच्या टेम्पोचा क्रँक मामांनी घासून दिला आणि पंधरवड्यात तो धमधा रोडवर माल भरलेला असताना मोडला. दोन तुकडे. इंजिन फुटलं. साहूजी भले गृहस्थ, पण त्यांचं पोट त्या एका टेम्पोवर. ते दुकानासमोर उभे राहून सगळ्यांसमोर बोलले, “गुलाब भाई, आपने घिसाई में मार दिया मेरी गाड़ी को.” झालं. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक कमी. टेम्पोवाल्यांच्या युनियननं ठरवलं की येत्या रविवारी दुकानात बसू, आणि चूक मामांची निघाली तर एकही गाडी त्यांच्याकडे जाणार नाही. मामांच्या हातात दुसरा धंदा नव्हता. आईनं त्या दिवशी आंबाडीची भाजी केली होती, ती तशीच कढईत राहिली.

बाबा म्हणाले, “आपल्या घरात दोन पोरी याचंच तर शिकून राहिल्या. त्याहिले पाहू द्या.” साहूजींना विचारलं तर ते लगेच हो म्हणाले, “बेटियाँ झूठ क्यों बोलेंगी.” आम्ही बाबांबरोबर दुकानात गेलो तेव्हा तिथं काय चाललं होतं, तर जो येईल तो क्रँकचे दोन तुकडे उचलून एकमेकांना जुळवून बघत होता. कसं चपखल बसतं, कुठून गेलं, हे बघायचा लोकांना भारी नाद. मामांनीही आमच्यासाठी तुकडे उचलले. तेवढ्यात करुणा ओरडली, “जोडू नका मामा! तोंडावर तोंड घासलं की सगळं पुसून जाते!” मामांनी तुकडे पुन्हा खाली ठेवले. सगळे तिच्याकडे बघायला लागले. बाबांच्या चेहऱ्यावर तर असं कौतुक की काय सांगू. हे मलाही ठाऊक होतं. त्याच बाकावर, त्याच तासाला, मीही ते शिकले होते. मोडलेल्या पोलादाच्या तोंडावर ते कसं मोडलं याच्या खुणा असतात आणि त्या नखानंसुद्धा खरवडायच्या नाहीत. पण माझं तोंड उघडायच्या आत तिचं उघडलं होतं. नेहमीसारखंच.

बाबांनी तिथंही आपला कायदा लावला. “क्रँक त मोडूनच आहे, कापायचं काम नाही. करुणा, उचल तू.” एक तुकडा लांबडा, जड, त्याला घासलेला चकचकीत गोल भाग होता. दुसरा आखूड, नुसता टोकाचा. बाई, तिनं आखूडच उचलला! मी तो लांबडा तुकडा सायकलच्या कॅरियरवर जुन्या ट्यूबनं बांधून रिसालीपर्यंत आणला. चढावर उतरून ढकलत आणावं लागलं. ती पुढे, तिचा तुकडा ओढणीत गुंडाळून पुढच्या बास्केटमध्ये, मजेत.

कॉलेजच्या लॅबमध्ये तिनं आधी आपल्या तुकड्याचं तोंड केरोसीननं मऊ ब्रशनं धुतलं आणि भिंगाखाली धरलं. मीही वाकून बघितलं. लोकांच्या जुळवाजुळवीत थोडं घासलं होतं, तरी खुणा अजून स्पष्ट होत्या. शिंपल्यावर असतात तशा एकाबाहेर एक वळ्या, एका कोपऱ्यातून सुरू होऊन मधल्या भागापर्यंत गेलेल्या, आणि उरलेला भाग खडबडीत. म्हणजे तडा एका जागी सुरू झाला, हळूहळू वाढत गेला आणि शेवटी उरलेलं पोलाद एका झटक्यात गेलं. सुरुवात होती ती अगदी कोपऱ्यात, जिथं गोल भाग बाजूच्या पाळीला, म्हणजे चपट्या आडव्या भागाला, मिळतो. तिथं घासणाऱ्यानं थोडी गोलाई ठेवायची असते. कोपरा तीक्ष्ण राहिला तर सगळा ताण तिथं जमा होतो आणि तडा तिथूनच निघतो. तिनं तुकडा खाली ठेवला. तिचं तोंड उतरलं, आणि का उतरलं ते मला कळलं.

संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं. आईनं अंड्याचं कालवण केलं होतं, लाल तर्रीचं, आणि ताटात वाढता वाढता तिचा हात थांबला. करुणा खाली बघून म्हणाली, “मोठेबाबा, तडा कोपऱ्यातून निघाला. तिथं गोलाई बरोबर नसन, त असंच होते. मले वाटते… घासाई चुकली.” आईनं पळी कढईत टाकली. “ज्या घरात खातं त्याच घरच्या माणसाले बुडवतं का वं तू?” खरं सांगते, माझ्या जिवाला त्या क्षणी गार वाटलं. मामांचं दुकान जाणार होतं, आणि मला गार वाटत होतं. वाटलं, आता तरी ही बाबांच्या मनातून उतरेल. पण बाबा कुठले! त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, “रागावू नोको तिच्यावर. नातं पाहून खोटं सांगितलं असतं, तर मले दुःख झालं असतं. खरं बोलाले हिंमत लागते.” आणि माझ्याकडे वळून, “तुले काय दिसलं विशू?” मी म्हणाले, “तेच.” काय म्हणणार दुसरं? दिसत तर तेच होतं. करुणेच्या ताटात त्या दिवशी बाबांनी आपलं अंडं वाढलं. अख्खं. मी जेवण अर्धं टाकून उठले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मामांसाठी मी पुढचं केलं असं आजवर आई सगळ्यांना सांगते. आईला सांगू दे. मी ते करुणेसाठी केलं, म्हणजे करुणा चूक निघावी म्हणून केलं. दुसऱ्या दिवशी ती वर्गात असताना मी लॅबमध्ये माझा तुकडा घेऊन बसले. आधी मी कोपऱ्याची गोलाई मोजायचा गेज लावला. आणि अगं बाई, गोलाई होती! मोडताना कडा चेपली होती ती थोडीशी, पण उरलेल्या घेरात मामांनी ठेवलेली गोलाई साफ बसत होती. मग तडा तिथून का निघाला? तिच्या आखूड तुकड्यावर मामांचा हात फिरलेला भाग नव्हताच, नुसती पाळी होती. घासलेला भाग सगळा माझ्याकडे. तिला जे दिसणं शक्य नव्हतं ते माझ्याजवळ होतं, तिनंच सोडून दिलेलं.

मी एमरी पेपर घेतला. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि गोल भागाची एक पट्टी आरशासारखी होईपर्यंत घासत बसले. कोपरं दुखायला लागली. आमचे सर दारातून डोकावून “विशाखा, आज क्या बात है?” म्हणाले, मी वर बघितलंच नाही. मग नायट्रिक ॲसिड घातलेल्या स्पिरिटात कापूस बुडवून त्यावर फिरवला. पोलादावर हे फिरवलं की ते थोडं करपतं आणि आत ज्या ज्या जातीचं पोलाद असेल ते वेगवेगळ्या रंगानं वर येतं. काही सेकंदांत ती चकचक गेली. आणि कोपऱ्याला लागून, बोटभर रुंदीचा, सगळ्या घेरावर एक पट्टा उमटला. बाकीच्यापेक्षा वेगळ्या रंगाचा, लाटालाटांच्या काठाचा. वेल्डिंग! कोणीतरी फार आधी झिजलेल्या क्रँकवर वेल्डिंगचा थर चढवला होता आणि घासून सपाट केला होता. असं केलं की शेजारचं पोलाद एकदम तापून एकदम थंड होतं आणि काचेसारखं ठिसूळ होतं. त्या पट्ट्याच्या काठावर भिंगातून केसाएवढे आणखी दोन तडे दिसत होते. मामांकडे क्रँक आला तो मेलेलाच आला होता. वरून बघून ते कोणालाच कळलं नसतं, ना मामांना, ना बाबांना, ना माझ्या गुणी बहिणीला.

मी सायकल अशी हाणली की पद्मनाभपूरकडून येणारा एक दूधवाला शिव्या देत बाजूला झाला. ओट्यावर बाबा होते. धापा टाकत मी सगळं सांगितलं. पट्टा, वेल्डिंग, ठिसूळ, मामांचा दोष नाही. बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी वाट बघत होते. एक शब्द, फक्त एक शब्द मला पाहिजे होता, जो ते तिला दिवसातून चार वेळा द्यायचे. आणि ते म्हणाले, “करुणाले दाखवलं का?”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. “तिले कावून दाखवू?” मी ओरडले. “तिनं सांगितलं तेव्हा मले विचारलं होतं का कोणी?” बाबा गडबडले. “तसं नाही वं. दोघी मिळून करून राहिल्या, म्हणून…” आम्ही मिळून काहीच करत नव्हतो, एवढं त्या माणसाला दिसत नव्हतं. फोर्जच्या आवाजावरून लोखंड किती तापलंय ते ओळखायचा, पण मी किती तापले ते त्याला ओळखता आलं नाही.

शेवटी करुणेला दाखवलंच. तिनं भिंगातून खूप वेळ बघितलं. पट्ट्यावरून बोट फिरवलं, मग पुन्हा बघितलं. मग एवढंच म्हणाली, “माझं चुकलं.” मला वाटलं रडेल, हट्ट करेल, गोलाई पुन्हा मोजू म्हणेल. काही नाही.

रविवारी मामांच्या शेडमध्ये माणसं मावत नव्हती. मामा धुतलेला सदरा घालून मशीनला टेकून उभे, हात खिशात. मी आदल्या दिवसापासून हिंदीत बोलायची तयारी केली होती. आरशासमोर. साहूजी म्हणाले, “हाँ बेटा, बताओ.” मी घसा साफ करते ना करते, तोच करुणा पुढे आली. “अंकल, पहले मैंने देखा था। मैंने घर में कहा था कि मामा की गलती है। मैं गलत थी। विशाखा ने सही पकड़ा।” आणि मग तिनं मला हातानं पुढे केलं. मी सगळं सांगितलं. पट्टा दाखवला. एकेक माणूस वाकून बघून गेला. साहूजींनी खाली मान घालून कबूल केलं की क्रँक त्यांनी भंगारवाल्याकडून घेतला होता आणि त्यानं तो ‘एकदम नया जैसा’ म्हणून विकला होता. त्यांनी सगळ्यांसमोर मामांचे दोन्ही हात धरले, “गुलाब भाई, माफ करना.” दुकान वाचलं. आई पदर तोंडाला लावून रडली. मला वाटलं, आज. आज माझी पाळी.

आणि युनियनचे म्हातारे अध्यक्ष उठून काय म्हणाले माहीत आहे? करुणेकडे हात करून, “गलती सब करते हैं, पर भरी सभा में मान लेना! ऐसी बच्ची किस घर की है?” टाळ्या. मामांनी तिला जवळ घेतलं. बाबांनी छाती काढून सांगितलं, “हमारे घर की है।” मीही त्याच घरची होते. हातांवर ॲसिडचे पिवळे डाग घेऊन उभी होते. मामांनी मग मलाही दोन रसगुल्ले दिले, नाही कशाला म्हणू. पण तिनं चूक करून जे मिळवलं ते मला बरोबर ठरूनही मिळालं नाही, आणि हे मी आजपर्यंत पचवलेलं नाही.

ती पुण्याला गेली, इंजिनाचे भाग करणाऱ्या कारखान्यात लागली, खूप मोठी झाली. मी इथंच, रायपूरच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये. मोडलेली लोखंडं माझ्याकडे येतात आणि मी प्रत्येकावर आधी ॲसिडचा कापूस फिरवते, मग बाकीचं. क्रँकचे तुकडे साहूजींनी बाबांना देऊन टाकले होते. आखूड तुकडा बाबांनी पुढच्या दाराला अडण म्हणून लावला, मोठा मागच्या. दोन्ही दारं वीसेक वर्षं त्यांच्यावर टेकून उघडी राहिली. आल्यागेल्याला बाबा पुढचा तुकडा दाखवून सांगायचे, “हे आमच्या करुणाचं.”

मागच्या वर्षी बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला करुणा आली, केस निम्मे पांढरे, स्वतः गाडी चालवत नागपूरमार्गे. सगळे पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, बाबांची आठवण म्हणून काही पाहिजे असेल ते दोघींनी घ्या. करुणा म्हणाली, “मले क्रँक पाहिजे. एक तुकडा.” मी दोन्ही आणून ओट्यावर ठेवले. धूळ पुसली. मोठ्या तुकड्यावर माझा तो पट्टा अजून अंधूक दिसत होता, गंजाखालून. “कापून त आहेच,” मी म्हणाले. “उचल.”

तिनं वाकून दोन्ही हातांनी मोठा तुकडा उचलला.

“तो माझा आहे!” माझ्या तोंडून निघून गेलं. एवढ्या वयाची बाई मी, पांढऱ्या साडीत, बापाच्या ओट्यावर.

करुणा तो छातीशी धरून उभी होती. “लहान तुकडा मले कधीच आवडत नव्हता, विशू,” ती म्हणाली. “पण घर तुमचं होतं.”

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग मी विचारलं, “अंडंबी?”

“अंडंबी. पेरूबी. बर्फी त सगळ्यात जास्त.”

तुकडा जड होता, तिला पायऱ्या उतरता येईनात. मी पुढे होऊन दुसरी बाजू धरली, आणि दोघींनी तो नेऊन तिच्या गाडीच्या डिकीत ठेवला.